हळूबाईंनी मागवलेल्या गाद्या

आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे हळूबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण म्हटलं असतं तरी त्या रागावल्या असत्या का, आणि रागावल्या असत्या तर ते आम्हाला ऐकू आलं असतं का, हे सांगता येत नाही. त्यांचा आवाजच तसा होता. त्या भूगोल शिकवायच्या तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलांना सगळे देश तोंडपाठ असायचे, आणि तिसऱ्या बाकापासून मागे पृथ्वी गोल आहे ही बातमीसुद्धा पोचलेली नसायची. त्यांच्या तासाला पुढे बसण्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटून होती, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू येणारी शाळेत मी एकटीच. "काय म्हणाल्या?" असं सगळे मलाच विचारायचे.

घरी त्यांची अवस्था आणखी बिकट. नवरा लिलाव पुकारायचा. जुनी कपाटं, घड्याळं, बंद पडलेल्या हॉटेलांच्या खुर्च्या असला माल. गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज नेण्याचा त्याचा धंदा, आणि घरी आल्यावर काही त्याचं बटण बंद होत नसे. दोन मुली, त्या एकाच वेळी बोलायच्या आणि एकमेकींना उत्तरंही द्यायच्या. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले. "भाजी घ्या, भाजी! आणखी कोण घेतंय? शेवटची संधी!" असं म्हणत नवरा वाढत होता. मध्येच बाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं मीठ मागितलं. मी मीठ दिलं. त्यांनी ते घेतलं, ताटाशेजारी ठेवलं आणि गोड हसल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "नीट बसा."

त्या मुख्याध्यापिका कशा झाल्या तेही ऐका. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी भर सभेत विचारलं, "बाई, तुम्ही घ्याल का ही जबाबदारी?" बाई घाबरून म्हणाल्या, "नको हो!" त्यातलं फक्त "हो" अध्यक्षांपर्यंत पोचलं. टाळ्या वाजल्या. मी शेजारीच होते, मी उभी राहून सांगायला हवं होतं, पण बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "राहू द्या आता. टाळ्या वाजवल्यात बिचाऱ्यांनी."

हा त्यांचा स्वभाव. समोरच्याचा हिरमोड त्यांना बघवत नसे.

आमची शाळा कारखान्यांच्या वस्तीत. आईबाप दोघंही कामावर. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरं दिवसभर भिंतीवर बसून राहायची, कुलपात काड्या घालायची, आणि शाळा उघडेपर्यंत पाढेच काय, स्वतःचा हजेरी क्रमांकसुद्धा विसरायची. बाईंच्या मनात होतं की सुट्टीत सकाळचे वर्ग घ्यावेत, आधी थोडं वाचन, थोडं गणित, आणि मग भरपूर गाणंबजावणं. गाण्याच्या लोभानं पोरं गणितालाही येतील, असा हिशोब. पण आमच्या संगीताच्या खोलीत उभ्या जन्मात एकच ढोल होता, आणि तोही वरून फाटलेला. शिपाईमामा त्यात छत्र्या ठेवायचे.

तेवढ्यात बातमी आली. गावाबाहेर स्प्रिंगच्या गाद्यांचा मोठा कारखाना होता, त्याच्या मालकांनी शाळांसाठी ट्रस्ट काढला होता. ट्रस्टची उद्दिष्टं तीन होती, कारण घरात एकमत झालं नव्हतं. मालकीणबाईंना मुलांच्या कलांसाठी काहीतरी करायचं होतं. मालकांना उन्हाळी शिक्षण हवं होतं, कारण त्यांची स्वतःची नातवंडं सुट्टीत घरात बसून त्यांचं डोकं खायची. आणि जावईबापू नुकतेच कुठलंतरी शिबिर करून आले होते, त्यामुळे त्यांना जगातल्या सगळ्या मुख्याध्यापकांमध्ये नेतृत्वगुण भरायचे होते. शेवटी तिन्ही एकत्र करून ट्रस्ट झाला.

बाईंनी धीर करून मालकांना फोन लावला. फोन दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आमच्या मुलांना वाद्यं हवी आहेत."

मालकांचा आवाज मला खुर्चीवरून स्वच्छ ऐकू येत होता. "गाद्या?" ते म्हणाले. "बाई, तुम्ही गाद्या मागताय?"

"हो, वाद्यं," बाई म्हणाल्या. "लहान-मोठी, सगळ्या प्रकारची. रोज सकाळी मुलं वाजवतील."

"निजतील? सकाळी?"

"सकाळी उत्साह असतो हो."

मग मालक घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नव्याकोऱ्या देतो. लॉरी भरून देतो. तुम्ही काळजीच करू नका."

फोन ठेवल्यावर बाई आनंदानं थरथरत होत्या. "नव्याकोऱ्या" हा शब्द मला जरा खटकला होता, वाद्यं नवीकोरी असायला हवीत. पण म्हटलं, धंद्यातली माणसं, ती कुठे व्याकरण बघत बसतात!

पुढच्याच आठवड्यात फाटकापाशी लॉरी थांबली. शिपाईमामा धावत वर आले. "बाई, संगीत आलंय!" ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "पण जरा जाड आहे."

आम्ही खाली गेलो. लॉरीतून गादीमागून गादी उतरत होती. एकेरी, दुहेरी, पाळण्यातल्या बाळाची, उंच माणसांसाठी मुद्दाम लांब केलेली. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये मालक स्वतः उभे. बुटका, गोल माणूस, डोळ्यांत पाणी.

"बाई," ते म्हणाले, "लोक माझ्याकडे खोल्या मागतात, छप्पर मागतात, पैसे मागतात. आयुष्यभर गाद्या केल्या मी, पण आपणहून गादी मागणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. झोप नसेल तर पोरगं शिकणार कसं? हे एका बाईलाच कळलं!"

"अहो, मी वाद्यं म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

"हो हो, गाद्याच!" मालक म्हणाले आणि रुमालात नाक शिंकरलं.

मी बाईंना कोपरानं ढोसलं. "सांगा ना!"

"कसं सांगू?" त्या कुजबुजल्या, म्हणजे नेहमीसारखंच बोलल्या. "चेहरा बघा ना त्यांचा."

जाताना मालकांनी एका गादीच्या कडेला शिवलेली चिठ्ठी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. या गादीवर उड्या मारू नयेत, मारल्यास गॅरंटी रद्द. "माझ्या घरी नातवंडांनासुद्धा सोडत नाही मी," ते म्हणाले. "उडी मारली की स्प्रिंग गेली, आणि स्प्रिंग गेली की माझी अब्रू गेली."

तर आमचे उन्हाळी वर्ग गाद्यांवर सुरू झाले. सभागृहात गाद्या, व्हरांड्यात गाद्या, जिन्याखाली गाद्या. पोरं पालथी पडून गोष्टीची पुस्तकं वाचायची. आणि खरं सांगते, बाकावर बसून कधी इतकं वाचलं नव्हतं त्यांनी. आमचे गणिताचे सर फार कडक. बुटासकट झोपणाऱ्या मुलांच्या देशाला भवितव्य नाही, असं त्यांनी पहिल्या दिवशी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ते कडेला जरा टेकले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर गणितं लिहून दिली आणि जे लवंडले ते घोरायलाच लागले. मुलांनी चिडीचूप राहून फळ्यावरची सगळी गणितं सोडवली, का तर आवाज झाला की सर उठतील आणि आणखी देतील. हा प्रकार रोजचाच झाला, आणि गणितात वर्ग सुधारला.

उड्यांचं म्हणाल तर बाईंनी सक्त मनाई केली होती. सक्त म्हणजे त्यांच्या आवाजात. पहिल्या रांगेनं ती पाळली.

बाकीच्यांना लवकरच शोध लागला की प्रत्येक गादीचा आवाज वेगळा आहे. बाळाची गादी "टिंई" म्हणते, एकेरी "टुंई", दुहेरी "ढुंई", आणि त्या उंच माणसांच्या गादीवर जाड पोरानं उडी मारली तर कुणीतरी खोल विहिरीत ढेकर दिल्यासारखं वाजतं. सहावीत एक दोन वेण्यांची मुलगी होती, तिला आम्ही कारभारीण म्हणायचो. तिनं सगळ्या गाद्या आवाजानुसार ओळीत लावल्या, प्रत्येक गादीवर वजन बघून मूल उभं केलं आणि हातात पट्टी घेऊन समोर उभी राहिली. बाई दारातून बघत होत्या. त्या दोनदा "अरे, नको" म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या, आणि थोड्या वेळानं त्यांचा पाय ताल धरायला लागला.

मध्येच जावईबापू आले. नेतृत्वाचं शिबिर आमच्याच सभागृहात ठेवलं, कारण त्यात एकमेकांच्या भरवशावर मागे पडण्याचा खेळ होता आणि पडायला गाद्या आयत्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक आले. वर्षभराच्या तपासण्या, पालक, गळके नळ यांनी पिचलेली माणसं. जावईबापूंनी हातात माईक घेतला. "मागे पडा! विश्वास ठेवा! डोळे मिटा!" असं म्हणाले. सगळे पडले. डोळे मिटले. उठलं कुणीच नाही.

जावईबापू जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत होते. खाली घोरण्याची लाट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन परत येत होती. एकट्या आमच्या बाई जाग्या होत्या, कारण कुणीतरी ऐकायला हवं, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

"तुमच्यात आहे काहीतरी!" जावईबापू त्यांना म्हणाले. "प्रत्येकाच्या आत एक सिंह असतो. त्याला हाक मारा. डरकाळी फोडा बघू."

बाई म्हणाल्या, "गुर्र."

"छान! ही झाली मनीमाऊ. आता हिला वाढवायचं. रोज सकाळी घरी सराव."

बाई प्रामाणिक. शब्द दिला म्हणजे दिला. रोज सकाळी न्हाणीघरात दार लावून त्या डरकाळीचा सराव करायला लागल्या. चार दिवस झाले आणि नवऱ्यानं प्लंबर आणला. "आतून गुरगुरतंय हो काहीतरी," तो प्लंबरला सांगत होता, "कुठल्यातरी पाइपात हवा अडकलीय." प्लंबरनं सगळे नळ उघडून पाहिले, एक वायसर बदलला आणि निघून गेला.

सुट्टीच्या शेवटी मुलांचा कार्यक्रम ठरला. मालक, मालकीणबाई आणि जावईबापू पहिल्या रांगेत. मागे आईबाप, भावंडं, अगदी शेवटी बाईंचा नवरा, कारण त्याला पुढे बसवलं की मागच्यांना त्याचंच बोलणं ऐकू येतं. मालक खुशीत होते. आपल्या गाद्यांवर मुलं शिस्तीत झोपून दाखवतील अशी त्यांची कल्पना असावी.

पडदा सरकला. ओळीनं गाद्या, प्रत्येक गादीवर एक मूल, समोर कारभारीण. तिनं पट्टी उचलली.

टिंई. टुंई, टुंई. ढुंई.

मालकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पहिल्या उडीला त्यांनी खुर्चीचा हात धरला, दुसऱ्या उडीला बायकोचा. मग जाड पोरानं उंच माणसांच्या गादीवर जी उडी घेतली, तिच्या आवाजासरशी ते उठून थेट मंचावर धावले.

"उतरा! खाली उतरा! गॅरंटी जाईल!"

मुलांना वाटलं साहेब खूश झाले. त्यांनी आणखी जोरात उड्या मारल्या. मालक एका मुलाला उतरवायला दुहेरी गादीवर चढले, त्यांच्या वजनानं गादी ढुंई करून वाजली, आणि कारभारीण कडाडली, "काका, दुहेरी आत्ता नाहीये! थांबा की जरा!" मालक दचकून थांबले. पण स्प्रिंग काही थांबेना, त्यामुळे ते जागच्या जागी वरखाली होत राहिले, हात पसरून, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

मालकीणबाईंनी खालून विचारलं, "अहो, ही मुलं गाद्या का वाजवतायत? यांना वाद्यं का नाही दिली?"

"कारण बाईंनी गाद्या मागितल्या!" मालक वरखाली होत ओरडले. "बाई, सांगा हिला! तुम्ही गाद्याच मागितल्या होत्या ना? मुलांना झोपायला?"

सगळं सभागृह बाईंकडे बघायला लागलं. मी त्यांच्या शेजारीच होते. मला वाटलं, आता हळूच "हो" म्हणतील, बिचाऱ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मंचावर घामाघूम झालेल्या पोरांकडे पाहिलं. उभ्या राहिल्या. श्वास घेतला.

"वाद्यं!!"

तो आवाज कुठून आला मला अजून माहीत नाही. खिडकीच्या काचा थरथरल्या. शिपाईमामांच्या हातातून पाण्याचा जग पडला. गणिताचे सर जागे झाले. जावईबापू हर्षानं खुर्चीवरच चढले, "सिंह! सिंह!" आणि शेवटच्या रांगेत बाईंचा नवरा सवयीनं ताडकन उभा राहून ओरडला, "वाद्यं! आणखी कुणाची बोली?"

"वाद्यं मागितली होती मी!" बाई म्हणाल्या, आणि आता थांबायचं कसं हे त्यांना कळत नसावं. "बासऱ्या! ढोल! व्हायोलिन! तुम्ही गाद्या ऐकलंत! तुम्ही इतके आनंदात होता की मला सांगवलं नाही!"

मालक हळूहळू थांबले. गादीच्या कडेवर बसले. ती बारीकशी वाजली, तिलाही लाज वाटल्यासारखी.

"म्हणजे," ते म्हणाले, "गाद्या कुणाला नकोच होत्या?"

फार वाईट चेहरा होता हो त्यांचा. मुलंसुद्धा उड्या मारायची थांबली. बाई मंचावर गेल्या, त्यांच्या शेजारी बसल्या. "नको होत्या," त्या म्हणाल्या, अजूनही शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या आवाजात. "पण आल्या ते बरं झालं. पोरांनी यांच्यावर लोळून पुस्तकं वाचली. गणितं केली. आता वाद्यं द्या."

आणि तेवढ्यात मालकीणबाई हसायला लागल्या. आधी रुमालात, मग उघड, मग पोट धरून.

"मलाही तेच!" त्या म्हणाल्या. "लग्न झालं त्या वर्षी मी यांना म्हटलं, मला एखादं वाद्य आणून द्या. व्हायोलिन शिकायचं होतं मला. दुसऱ्या दिवशी दारात गादी! दुहेरी! गुलाबी!"

मालक बघतच राहिले. "अगं, तू त्या दिवशी रडली होतीस."

"मग काय करू?"

"मला वाटलं आनंदानं!"

"तुम्ही इतके खूश होता," मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "की मला सांगवलं नाही."

यावर सभागृह असं काही हसलं की कारभारणीनं पट्टी आपटून सगळ्यांना गप्प केलं. तिचा कार्यक्रम अर्धाच झाला होता. तो पुढे पूर्ण झाला. खोटं कशाला बोलू, काही चांगला झाला नाही. शेवटी शेवटी दोन पोरं एकमेकांवर आपटली आणि बाळाच्या गादीची स्प्रिंग बाहेर आली. पण मालकांनी ती स्वतःच्या हातानं आत ढकलली आणि म्हणाले, "चालू द्या."

दुसऱ्या दिवशी बाईंचा आवाज पार बसला. आठवडाभर तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि आठवडाभर शाळेत कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

वाद्यं आली. मालकांनी या वेळी फोनवर विश्वास ठेवला नाही, बायकोला दुकानात घेऊन गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "ही बोट दाखवेल ते बांधा, मी काही ऐकत नाही." शेजारपाजारच्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी मात्र जावईबापूंना पत्रं पाठवली की नेतृत्वाचं शिबिर फार गुणकारी होतं, दरवर्षी व्हावं, शक्यतो दुपारी जेवणानंतर.

पुढच्या उन्हाळ्यात मालकीणबाई रोज सकाळी आमच्याकडे यायला लागल्या. शिकवायला नव्हे, शिकायला. सहावीतल्या मुलांच्या ओळीत, लाकडी स्टुलावर, हनुवटीखाली व्हायोलिन धरून. बाजूच्या मुलाचं बोट कुठे आहे ते बघायच्या आणि आपलं तिथे ठेवायच्या. सुट्टी संपताना त्यांनी सगळ्यांसमोर एक लहानशी धून वाजवली. दोनदा चुकल्या, एकदा गज हातातून निसटला, तो त्यांनी वाकून उचलला आणि पुढे वाजवायला लागल्या. मालक सगळा वेळ मागे भिंतीशी उभे होते. धून मध्येच जराशी थांबायची तिथे ती संपली असं समजून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सगळ्या पोरांनी वळून त्यांच्याकडे रागानं पाहिलं. त्यांनी हात खाली घेतले, मान हलवली आणि म्हणाले, "ऐकतोय, ऐकतोय."